डोंगरउतारावरील भांगेचा वाख : कुमाऊं-गढवालमधील पीक, त्याची मशागत व अवजारे

दावे, कासरा, सुतळी, चऱ्हाट आणि पोते यांवाचून शेतकऱ्याचे पान हलत नाही. आपल्या राज्यात ही गरज पिढ्यान्‌पिढ्या अंबाडी, ताग व घायपात यांच्या वाखाने भागत आली. हिमालयाच्या कुशीतील कुमाऊं व गढवाल या प्रदेशांत हेच काम भांगेच्या झाडाने केले आहे. तेथील डोंगरी कुटुंबे भांगेच्या सालीपासून दोर वळीत, 'भंगेला' नावाचे जाडेभरडे कापड विणीत आणि धान्य वाहण्याचे 'कुथले' शिवीत. कुलूच्या खोऱ्यात याच वाखापासून 'पूला' नावाची पायताणे बनतात. भाजलेल्या बियांची चटणी तर आजही कुमाऊंच्या घरोघरी वाटली जाते.

आपल्या राज्यालाही हा वाख अगदी अपरिचित नाही. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेचे तंतू व काड्या मिसळलेल्या आढळल्या असून, त्यांमुळे गिलाव्यास किडींचा उपद्रव कमी झाला व तो दीर्घकाळ टिकला, असे २०१६ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविले आहे.

या पिकाविषयी अलीकडे बरेच बोलले जाते. त्यात माहिती थोडी व मोह फार, असा प्रकार आहे. म्हणून हे पीक उंच प्रदेशात कसे घेतात, त्यात धोका कोठे आहे आणि त्यापासून आपण काय घ्यावे, याचा येथे विचार करू.

कायद्याची मर्यादा

प्रथम कायद्याची बाजू स्पष्ट असली पाहिजे. 'गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५' या कायद्यान्वये परवान्यावाचून भांगेच्या झाडाची लागवड करणे हा गुन्हा आहे. त्यासाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र याच कायद्याच्या कलम १४ अन्वये केवळ वाख, बी किंवा उद्यानविषयक प्रयोजनासाठी लागवडीची परवानगी देण्याचा अधिकार शासनास आहे. त्या आधारे उत्तराखंड राज्याने २०१८ पासून औद्योगिक भांगेच्या लागवडीस परवाने देण्यास प्रारंभ केला. झाडातील टीएचसी या मादक द्रव्याचे प्रमाण ०.३ टक्क्यांहून अधिक असता कामा नये, ही त्यातील मुख्य अट होय. हिमाचल प्रदेशाच्या मंत्रिमंडळाने जानेवारी २०२५ मध्ये पालमपूर व नौणी येथील विद्यापीठांमार्फत नियंत्रित लागवडीचा प्रायोगिक अभ्यास करण्यास मंजुरी दिली.

झाडाची प्रकृती व उंचीचा परिणाम

भांग हे एकवर्षायू झाड असून नर व मादी झाडे निराळी असतात. दिवस लहान होऊ लागला की ते फुलावर येते. कुमाऊंमध्ये एप्रिल-मे महिन्यात पेरलेले पीक मोठ्या दिवसांत उंच वाढते, ऑगस्ट-सप्टेंबरात फुलते व ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्याचे बी पक्व होते.

समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर उंचीस तापमान साधारणपणे सहा अंशांनी उतरते. त्यामुळे उंचावर पेरणीचा हंगाम आखूड होतो. जमिनीचे तापमान आठ ते दहा अंशांच्या वर गेल्यावाचून उगवण समाधानकारक होत नाही, आणि शरद ऋतूत बी भरण्यापूर्वी हिमकण पडल्यास बियाण्याचे पीक हातचे जाते. गारपीट व वारा हे आणखी दोन शत्रू आहेत. दाट पेरलेले पीक एकमेकांच्या आधाराने उभे राहते. विरळ पेरलेल्या बियाण्याच्या पिकास मात्र वाऱ्याच्या बाजूस झुडपांचे किंवा दगडी पौळीचे कुंपण उपकारक ठरते.

जमीन राखणे हेच पहिले काम

डोंगरउतारावर माती पातळ असते आणि हिमालयातील पावसाळा जोराचा असतो. म्हणून तेथे कोणत्याही पिकाची पहिली मशागत म्हणजे पायऱ्यांची शेते बांधणे होय. आपल्याकडील ताली व मजगी यांचाच तो प्रकार आहे. या शेतांचा उतार किंचित डोंगराकडे ठेवतात, आतील कडेस पाणी काढून देणारा चर घेतात व बाहेरील कड दगडांच्या कोरड्या पौळीने बांधतात. पौळीत चुना-सिमेंट नसल्यामुळे पाणी झिरपून जाते व भिंतीवर दाब येत नाही.

समपातळी रेषा आखण्यासाठी महागड्या यंत्राची गरज नाही. 'अ' चौकट हे साधन कोणासही घरी करता येते. सुमारे दोन मीटर लांबीच्या दोन सरळ काठ्या वरच्या टोकास घट्ट बांधाव्यात व मध्यावर तिसरी आडवी काठी बांधावी. वरच्या टोकापासून दोरीने एक दगड आडव्या काठीच्या खालपर्यंत लोंबता सोडावा. चौकट जमिनीवर दोन खुणांवर उभी करून दोरी आडव्या काठीस जेथे लागते तेथे खूण करावी. मग पायांची अदलाबदल करून त्याच जागी पुन्हा उभी करावी व दुसरी खूण करावी. दोन्ही खुणांचा मध्य ही समपातळीची खूण होय. यानंतर एक पाय स्थिर ठेवून दुसरा पुढे सरकवीत जावे. दोरी मधल्या खुणेवर आली की त्या दोन्ही जागा एकाच पातळीत आहेत असे समजावे व खुंट्या ठोकाव्यात.

खत व पेरणी

भांगेच्या पिकास भुसभुशीत, सेंद्रिय अंश असलेली व निचऱ्याची जमीन लागते. पाणी साचल्यास कोवळी रोपे पिवळी पडून मरतात. डोंगरी शेतकरी हे पीक पूर्वापार घराजवळच्या, गोठ्याच्या खताने पोसलेल्या तुकड्यात घेत आले, याचे कारण हेच. हेक्टरी दहा ते पंधरा टन चांगले कुजलेले शेणखत द्यावे. नत्राची गरज पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत अधिक असल्याने खत पेरणीपूर्वीच मातीत मिसळलेले असावे. आदल्या हंगामात कडधान्य घेतले असल्यास उत्तम.

वाखासाठी पेरणी दाट करतात. हेक्टरी ४० ते ६० किलो किंवा त्याहून अधिक बी लागते. दाटीमुळे झाडे सरळ, बारीक व फांद्यांविना वाढतात आणि वाख लांब निघतो. बियाण्यासाठी ओळीतील अंतर वाढवून हेक्टरी १० ते २५ किलो बी पुरते. बी दोन ते तीन सेंटिमीटरहून खोल जाऊ देऊ नये. लहान पायऱ्यांवर औत वळत नाही. तेथे कुदळ, लहान खुरपे व हाताने ओढावयाचा दाताळे हीच अवजारे खरी उपयोगाची. दाट पीक महिन्याभरात जमीन झाकून टाकते व तण दडपते. त्यामुळे एक खुरपणी बहुधा पुरेशी होते. विरळ पिकास मात्र दोन द्याव्या लागतात.

बियाण्याचा पेच

या पिकातील सर्वांत कठीण प्रश्न बियाण्याचा आहे. टीएचसीचे प्रमाण मुख्यतः वाणाच्या कुळावर अवलंबून असते. हिमालयातील स्थानिक वाण उंच वाढतात व तेथील हवेस रुळलेले आहेत, परंतु त्यांत हे प्रमाण मर्यादेबाहेर जाण्याची भीती असते. उलट, युरोपातील प्रमाणित वाण या कसोटीस उतरतात, पण ते अधिक उत्तरेकडील, लांब दिवसांच्या प्रदेशासाठी निवडलेले आहेत. आपल्या अक्षांशावर ते लवकर फुलतात, खुजे राहतात व वाख फारच थोडा देतात. तेव्हा स्थानिक वाणांतून कमी टीएचसीची झाडे निवडून नवे वाण सिद्ध करणे हाच टिकाऊ मार्ग आहे.

येथे आणखी एक अडचण उभी राहते. भांगेचे परागीभवन वाऱ्याने होते व परागकण कित्येक किलोमीटर वाहत जातात. हिमालयात रानभांग वाटेवाटेवर उगवते. तिचे पराग शेतातील मादी फुलांवर पडले की त्या बियांची पुढील पिढी शुद्ध राहत नाही. घरचे बी सलग दोन-तीन वर्षे वापरणाऱ्या शेतकऱ्याचे पीक यामुळेच नकळत मर्यादा ओलांडू शकते. पीक मर्यादेबाहेर गेले तर ते नष्ट करावे लागते; वर्षभराचे कष्ट, खत व मजुरी सारेच मातीमोल होते. म्हणून प्रतिवर्षी प्रमाणित बी घेणे, शेताभोवतीची रानभांग फुलण्यापूर्वी उपटणे व फुलोऱ्याच्या वेळी अधिकृत प्रयोगशाळेकडून तपासणी करून घेणे, या तीन गोष्टींत हयगय करून चालत नाही.

काढणी व वाख काढणे

उत्तम वाख नर झाडांपासून मिळतो. पराग झडू लागताच ती काढावीत. मादी झाडे बी पक्व होईपर्यंत, म्हणजे आणखी चार ते सहा आठवडे, उभी ठेवतात. त्यांचा वाख भरड असला तरी दोरास चालतो. काढणीस धारदार विळा पुरे.

वाळलेल्या पेंढ्या पाण्यात भिजत घालतात, म्हणजे सालीतील चिकट द्रव्य कुजून तंतू मोकळे होतात. कोमट पाण्यात यास सात ते पंधरा दिवस लागतात, थंड पाण्यात अधिक. साल काडीपासून सहज सुटू लागली की पेंढ्या ताबडतोब बाहेर काढाव्यात. अधिक कुजल्यास वाखाचा जोर जातो. मग लाकडी मोगरीने ठोकून, धुऊन, फणीने विंचरून वाख उन्हात वाळवितात व चातीवर सूत काढतात.

पेंढ्या वाहत्या ओढ्यात किंवा पिण्याच्या पाण्याच्या झऱ्यात कदापि घालू नयेत. कुजण्याच्या क्रियेत पाण्यातील प्राणवायू संपतो, मासे मरतात व खालच्या गावाचे पाणी नासते. ओढ्यापासून दूर खड्डा खणून त्यात भिजवण करावी व ते पाणी नंतर मोकळ्या शेतात सोडावे. पाणी तुटपुंजे असेल तेथे पेंढ्या गवतावर पातळ पसरून दवावर कुजविण्याची रीत आहे. तीस तीन ते सहा आठवडे लागतात व पेंढ्या अधूनमधून उलटाव्या लागतात.

बियांत सुमारे ३० टक्के तेल व २० ते २५ टक्के प्रथिने असतात. भांगेचे बी, त्याचे पीठ व तेल यांना भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२१ साली अन्न म्हणून मान्यता दिली. तेल लवकर खवट होत असल्याने बी चांगले वाळवून थंड व कोरड्या जागी साठवावे. फुलांचे शेंडे मात्र कायद्याने गांजा ठरतात व झाडाचा चीक काढणे म्हणजे चरस करणे होय. त्यांची विल्हेवाट परवान्यातील आदेशानुसारच झाली पाहिजे.

आपण काय घ्यावे ?

महाराष्ट्रातील शेतकरी बंधूंनी कोणाच्याही सांगण्यावरून, 'पुढे परवाना मिळेल' या आशेवर भांगेचे बी पेरू नये. परवाना लेखी हाती असल्यावाचून उभे असलेले प्रत्येक झाड गुन्ह्याचे कारण होऊ शकते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट ग्रामसभेत स्पष्ट शब्दांत सांगावी.

परंतु या पिकाच्या पद्धतीत घेण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते सर्व आपल्या अंबाडी व तागास लागू पडते :

१. सह्याद्रीच्या उतारावर 'अ' चौकटीने समपातळी रेषा आखून मगच ताली घालाव्यात. दोन माणसे एका दिवसात एका लहान शेताची आखणी सहज करू शकतात.

२. वाखासाठी अंबाडी किंवा ताग दाट पेरावा. बियाण्यासाठी निराळा, विरळ तुकडा राखावा.

३. ताग हे द्विदल पीक असल्याने जमिनीस नत्र देते. वाख नको असल्यास फुलावर येण्याच्या सुमारास गाडून हिरवळीचे खत करावे.

४. पेंढ्या नदी-ओढ्यात न घालता खड्ड्यात भिजवाव्यात. गावाने एक सामाईक खड्डा केल्यास खर्चही वाटला जातो व पाणीही स्वच्छ राहते.

५. वाख विकण्यापूर्वी त्याचा दोर किंवा सुतळी वळावी, म्हणजे वळणावळीची मजुरी घरात राहते.

पीक कोणते घ्यावे हे हवामान, बाजार व कायदा ठरवितात. मात्र उतारावरची माती जागेवर ठेवणे व ओढ्याचे पाणी निर्मळ राखणे ही दोन कामे प्रत्येक पिकात शेतकऱ्याच्याच हाती असतात. त्यांचा प्रारंभ येत्या पावसाळ्यापूर्वी करावा.