दोन हजेऱ्या : ऊसतोडीचा हंगाम आणि पदवीचे वर्ष

हा अंक आपल्या हाती पडेल त्या दिवसांत बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून ट्रक आणि ट्रॅक्टर खाली उतरत असतील. दसऱ्यापासून मुकादमांची धावपळ सुरू होते, उचल दिली-घेतली जाते, आणि दिवाळीच्या मागेपुढे धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या तालुक्यांतली गावे निम्मीशिम्मी रिकामी होतात. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी सोलापूर-पुण्याकडे, कोणी थेट कर्नाटकात. मागे राहतात म्हातारी माणसे, काही लहान मुले आणि थोडी जनावरे.

या स्थलांतरावर मराठीत बरेच लिहिले गेले आहे. मी त्याच्या एकाच कोपऱ्याविषयी लिहिणार आहे, कारण तो मी वीसेक वर्षे रोज पाहतो आहे. जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवतो; प्रवेश समिती आणि शिष्यवृत्तीचे कामही बरीच वर्षे माझ्याकडे आहे. दिवाळीची सुटी संपून वर्ग भरतो तेव्हा हजेरीपटावरची नावे वाचताना मी काही नावांपाशी थांबत नाही. ती मुले कुठे आहेत हे मला आणि वर्गाला ठाऊक असते.

शाळकरी मुलांच्या स्थलांतराचा विचार सरकारदरबारी निदान कागदावर तरी झालेला आहे. साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहे झाली. २००९चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलाची जबाबदारी शासनावर टाकतो, म्हणून गाव सोडणाऱ्या मुलाला शिक्षण हमी पत्रक दिले जाते. ते दाखवले की जिथे जाईल तिथल्या शाळेत त्याला बसवून घेतले पाहिजे. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलामुलींचा मात्र असा विचार झालेला नाही. आणि या वयात प्रश्न जास्त अवघड होतो, कारण आता ते आईबापांबरोबर फरफटत जाणारे मूल राहिलेले नसते, ते स्वतः एक कोयता झालेले असते. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात, एकट्याला अर्धा. मुलगा बारावी झाला की घरात अर्धा कोयता वाढला, असा हिशेब होतो. मुलीचे लग्न झाले की कुठेतरी एक कोयता पुरा होतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींची लग्ने अठरा वर्षांच्या आत झालेली आढळली. त्याच्या कारणांत हा हिशेब धरावाच लागतो.

थोडे मागे जाऊ. निजामाच्या राजवटीत इथल्या मुलाला पदवी घ्यायची तर हैदराबाद गाठावे लागे. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेने, जिथे स्वामी रामानंद तीर्थ शिक्षक होते, शालेय शिक्षणाची एक राष्ट्रीय वाट काढली, पण पुढे पदवीसाठी घर सोडणे अटळच होते. १९३८च्या वंदे मातरम् चळवळीत उस्मानियाने आणि तिच्या कक्षेतल्या महाविद्यालयांनी काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. पुढे पंतप्रधान झालेले नरसिंह राव त्यांतलेच. आज आपण ज्याला श्रेयांक हस्तांतरण असे भारदस्त नाव दिले आहे, ते त्या काळी एका विद्यापीठाने मनावर घेतले म्हणून होऊन गेले होते. मुक्तीनंतर १९५० साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढले, २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, आणि त्यानंतर बीड, अंबाजोगाई, परळीपासून तालुक्या-तालुक्यांत शिक्षणसंस्थांची महाविद्यालये उभी राहिली. गावापासून एसटीच्या अंतरावर महाविद्यालय, ही आमच्या भागातली दोन-तीन पिढ्यांपूर्वीची मोठी क्रांती होती.

या महाविद्यालयांचे कामकाज कसे चालते ते नीट समजून घेतल्याशिवाय पुढचा गुंता कळणार नाही. अनुदानित महाविद्यालयात मंजूर पदांचे पगार शासन देते, अभ्यासक्रम आणि परीक्षा विद्यापीठ ठरवते, प्रवेश आणि शिकवणे आमच्याकडे. वर्षाची दोन सत्रे. पहिले साधारण जून-जुलैपासून दिवाळीपर्यंत, त्याची परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरात. दुसरे त्यानंतर एप्रिल-मेपर्यंत. आता याच्यावर कारखान्याचे वर्ष ठेवून पाहा. गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होते आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडतो. म्हणजे मूल पहिले सत्र पुरे शिकते आणि परीक्षेच्या तोंडावर निघून जाते. दुसऱ्या सत्राची तासिका त्याच्या वाट्याला जवळजवळ येतच नाही आणि परीक्षेला मात्र ते परत आलेले असते. शिकले त्याची परीक्षा नाही, आणि परीक्षा आहे त्याचे शिकणे नाही. पूर्वीच्या वार्षिक पद्धतीत मार्च-एप्रिलमध्ये एकदाच परीक्षा असे, तेव्हा हे इतके तीव्र नव्हते. पट्टा लवकर पडला तर मुले येऊन गाइड वाचून परीक्षेला बसत. शिक्षण म्हणून ते फार चांगले होते असे मी म्हणणार नाही, पण मुले पदवीधर होत होती.

हजेरीचा नियम पंचाहत्तर टक्क्यांचा. सत्रात शिकवण्याचे नव्वद दिवस धरले तर बावीस-तेवीस दिवसांची मुभा. हंगाम पाच महिन्यांचा. आजारपण वगैरे कारणांसाठी हजेरीत काही सूट देण्याची तरतूद असते, पण ऊस तोडायला गेलो हे कारण अर्जात लिहिले जात नाही. मुले वैद्यकीय प्रमाणपत्र आणतात. आम्ही ते घेतो. खरे कारण लिहिता येत नाही म्हणून खोटे कारण दोघांनी मिळून मान्य करायचे, ही माझ्या कामातली सगळ्यात नकोशी गोष्ट आहे, आणि मी ती अनेकदा केली आहे.

या सगळ्यात राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आले. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत आणि विद्यापीठ विभागांत ते २०२३-२४पासून, आमच्यासारख्या संलग्नित महाविद्यालयांत २०२४-२५पासून पदवीला लागू झाले. ती पहिली तुकडी २०२५-२६मध्ये दुसऱ्या वर्षात गेली. नव्या रचनेत सत्राला २२ श्रेयांक, वर्षाला ४४, तीन वर्षांच्या पदवीला १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १७६. तासिकेचा एक श्रेयांक म्हणजे पंधरा तास, प्रात्यक्षिकाचा असेल तर तीस तास. मुख्य विषय, दुय्यम विषय, खुला ऐच्छिक, व्यवसाय कौशल्य, भारतीय ज्ञानप्रणाली, मूल्यशिक्षण, क्षेत्र प्रकल्प, समाजसंपर्क, कार्यांतर्गत प्रशिक्षण अशी खाती. प्रवेशाच्या वेळी पालकाला हे समजावताना माझीच दमछाक होते. एका बापाने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, ‘सर, पण बी.ए.च ना?’

पण याच धोरणात दोन गोष्टी अशा आहेत की त्या जणू आमच्या मुलांसाठीच लिहिल्या असाव्यात. एक, बहुप्रवेश-बहुनिर्गम. पहिले वर्ष पूर्ण करून थांबायचे असेल तर आणखी चार श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा प्रशिक्षण करून प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षानंतर तसेच करून पदविका. बाहेर पडलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि सात वर्षांच्या मर्यादेत पदवी पुरी करता येते. दुसरी, श्रेयांक बँक. विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक त्याच्या नावावर डिजिटल खात्यात जमा राहतात आणि एका संस्थेतून दुसरीकडे नेता येतात. तत्त्वतः हे कॉलेजच्या मुलाचे हमी पत्रकच.

प्रत्यक्षात काय दिसते? श्रेयांक बँकेत तेच जमा होते जे परीक्षेत मिळाले. नोव्हेंबरची परीक्षा बुडाली तर जमा करायला काही नसते. आणि निर्गमाचे दार उघडले की ते कोणासाठी उघडले हे लगेच कळते. मला भीती आहे ती मुलींची. ‘एक वर्ष झालं, सर्टिफिकेट मिळतंय, पुरे झालं,’ असे घरात म्हणायला आता एक अधिकृत कागद मिळाला आहे. परत येण्याची सवलत नियमात आहे, पण लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेलेली आणि पहिल्याच हंगामात कोयता धरलेली मुलगी तीन वर्षांत परत येईल, यासाठी कोणतीही यंत्रणा नियमात नाही. जाणाऱ्याची नोंद होते. त्याला बोलावण्याचे काम कोणाचे, हे कुठेच लिहिलेले नाही.

विद्यार्थी सेवा म्हणून जे असते त्याकडेही हंगामाच्या बाजूने पाहायला हवे. शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटीवर भरायचे. त्याला तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो, आधारला जोडलेले बँक खाते लागते, आणि मोबाइलवर येणारा ओटीपी लागतो. बऱ्याच घरांत आधारला जोडलेला नंबर बापाचा, आणि बाप फडात. मुलगी माझ्यासमोर संगणकापाशी बसलेली, तिकडे चिकोडीकडे कुठेतरी उसाच्या सरीत बापाच्या खिशात फोन वाजतो, त्याच्या हातात मोळी असते, रेंज येते-जाते. दहा मिनिटांत ओटीपी मरतो. हे मी इतक्यांदा अनुभवले आहे की आता अशा अर्जांना आम्ही रात्री आठनंतर बसतो, टोळी कोपीवर परतल्यावर. शिष्यवृत्तीच्या बहुतेक योजनांना पुन्हा हजेरीची अट आहेच.

८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ झाली. निर्णय चांगलाच आहे. पण आमच्या बी.ए.च्या मुलीला फी ही अडचण नव्हतीच. अनुदानित महाविद्यालयातली कला शाखेची फी थोडी असते. खर्च असतो खोलीचा, डब्याचा, एसटीचा. अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास बारावीला संपतो. त्यानंतर सवलतीचा विद्यार्थी पास आहे, पण घर बंद असताना पास घेऊन ती राहणार कुठे? म्हणून माझ्या मते सगळा प्रश्न शेवटी वसतिगृहापाशी येतो. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना २०२१मध्ये जाहीर झाली: ४१ तालुक्यांत मुलांचे एक आणि मुलींचे एक, अशी ८२ वसतिगृहे. कारखान्यांकडून टनामागे पैसे घेऊन गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळामार्फत निधी उभा करायचा, ही कल्पना न्याय्य आहे. ज्या उसासाठी घर बंद पडते त्या उसानेच मुलाचे छप्पर द्यावे. वसतिगृह आहे तिथे आईबाप मुलीला मागे ठेवायला तयार होतात, हे मी पाहिले आहे. ते नसेल तर बापाला दोष देण्यात अर्थ नाही. सहा महिने एकट्या घरात तरुण मुलगी ठेवून कोण जाईल?

अमेरिकेत हंगामी शेतमजुरांच्या मुलांसाठी १९७२पासून एक केंद्रीय कार्यक्रम चालतो. त्यांनी लक्ष कशावर दिले आहे? फक्त पदवीच्या पहिल्या वर्षावर. सल्ला, शिकवणी, राहण्या-जेवणाला मदत. पहिले वर्ष तरले की बाकीची तरतात, असा त्यामागचा विचार. १९७२ हे आपल्याकडे दुष्काळाचे साल. आपण त्या साली खडी फोडायला लावत होतो.

राष्ट्रीय सेवा योजनेविषयी थोडे विषयांतर करतो. १९६९पासूनची ही चांगली योजना. तिचे सात दिवसांचे हिवाळी शिबिर बहुधा डिसेंबर-जानेवारीत दत्तक गावात होते. आमच्या भागात त्या दिवसांत गावात असते कोण? आमचे स्वयंसेवक रात्री प्रबोधनाचे कार्यक्रम करतात आणि समोर बसलेल्या आज्या कौतुकाने ऐकतात.

गेल्या हंगामात मी एक छोटा प्रयोग केला. क्षेत्र प्रकल्पाचे दोन श्रेयांक म्हणजे साठ तासांचे काम. प्रथम वर्षाची एक विद्यार्थिनी परीक्षा देऊन टोळीत निघाली होती. तिला सांगितले, वही घेऊन जा, फडातले शब्द लिहून आण. एप्रिलमध्ये ती दीडशे पानी वही भरून घेऊन आली. मोळी, वाढे, कोपी, उचल, टायरगाडी, डोकी सेंटर; प्रत्येकापुढे अर्थ, कोण वापरते, कधी वापरते. ‘खाडा’ या शब्दाला तिने दोन पाने दिली होती. टोळीत खाडा म्हणजे गैरहजेरीचा दिवस. त्याचे पैसे कापले जातात, वर दंडही लागतो, म्हणून बायका पाळीच्या दिवसांतही, ताप असतानाही उसात उतरतात. ज्या मुलीची वर्गात हजेरी भरत नव्हती ती त्या पाच महिन्यांत एक दिवसही गैरहजर राहिलेली नव्हती. भाषेचा प्रकल्प म्हणून ती वही उत्तम होती. श्रेयांक द्यायला अडचण आली नाही. बाकी विषयांची तासिकांची हजेरी मात्र भरून निघाली नाही, त्यासाठी पुन्हा प्रमाणपत्र आणावे लागले.

नियमांच्या चौकटीत काय करता येईल, तर बरेच. क्षेत्र प्रकल्प, समाजसंपर्क, कार्यांतर्गत प्रशिक्षण ही खाती हंगामाच्या काळात ठेवता येतात. स्थलांतर हे हजेरीतील सवलतीचे कारण म्हणून उघड लिहिता आले पाहिजे. नोव्हेंबरची परीक्षा ज्यांची बुडाली त्यांच्यासाठी मे-जूनमध्ये तीच परीक्षा पुन्हा घेणे हे विद्यापीठाला अशक्य नाही.

तोवर आम्ही आमच्या पातळीवर एवढेच करतो. या वर्षी घटस्थापनेच्या आत आम्ही गावे वाटून घेतली आणि टोळीत जाणाऱ्या मुलांकडून तीन कामे करून घेतली: आधारला स्वतःचा नंबर जोडणे, तहसीलचा दाखला काढणे, श्रेयांक बँकेचे खाते उघडणे. चौथे काम घरी जाऊन करायचे असते. मुलगी मागे राहणार की बरोबर जाणार, हे उचल घेण्याआधी विचारावे लागते. एकदा मुकादमाने कोयते मोजले की मग बोलून उपयोग नसतो.