मिठाच्या कणकेतील हात, कागदातील हृदय

प्राथमिक शाळेतील मुलांनी आईवडिलांसाठी वर्गात करावयाची नाताळची भेट सोपी असावी, असे सर्वच शिक्षकांना वाटते. परंतु सोपी म्हणजे झटपट होणारी, असा त्याचा अर्थ घेतला की ती भेट मुलाची न राहता शिक्षिकेची होते, कारण अर्ध्या तासात तीस वस्तू एकसारख्या दिसायच्या तर कापण्याचे, चिकटवण्याचे आणि शेवटी नीटनेटके करण्याचे काम मोठ्या माणसालाच करावे लागते. ज्या वस्तूची पहिली घडी आणि शेवटची पट्टी सहा-सात वर्षांचे मूल स्वतःच्या हाताने घालू शकते, आणि हात चुकला तर ती चूक कोणी दाखवून न देता त्याला स्वतःला दिसते, ती वस्तू खऱ्या अर्थाने सोपी होय. डेन्मार्कमधील विणलेले कागदी हृदय या कसोटीला पूर्णपणे उतरते. युरोप-अमेरिकेतील शाळांत केला जाणारा मिठाच्या कणकेतील हाताचा ठसा काही अंशी उतरतो, आणि जेथे उतरत नाही तेथे शिक्षिकेने काय करावे हा प्रश्नच अधिक विचार करण्याजोगा आहे.

डॅनिश भाषेत ‘युलेयेर्टे’, म्हणजे नाताळचे हृदय, असे नाव असलेली ही वस्तू दोन रंगांच्या घोटीव कागदाची, बहुधा तांबड्या आणि पांढऱ्या, केलेली असते. आपल्याकडे कार्यानुभवाच्या तासाला लागणारा ग्लेझ पेपर तो हाच. प्रत्येक रंगाचा ८ सेंटीमीटर रुंद आणि २५ सेंटीमीटर लांब तुकडा मधोमध दुमडतात, मोकळी टोके कात्रीने अर्धवर्तुळाकार कापतात आणि दुमडलेल्या कडेकडून आत, दोन-दोन सेंटीमीटर अंतरावर, साडेआठ सेंटीमीटर लांबीचे तीन छेद देतात, म्हणजे चार पट्ट्या तयार होतात. रुंदी आठ आणि छेद साडेआठ, या अर्ध्या सेंटीमीटरच्या फरकावर सारे अवलंबून असते: छेद बरोबर आठचा दिला तर कागदाच्या जाडीमुळे चौथी पट्टी बसत नाही आणि ओढताना छेदाच्या मुळाशी फाटते, तर नऊच्या पुढे गेला तर चौकटींमध्ये फटी राहतात.

यापुढचे विणकाम चटईच्या विणीसारखे दिसते, परंतु तसे नसते, आणि नेमके येथेच वर्गातील बहुतेक मुले अडखळतात. चटईत पट्टी दुसरीच्या एकदा वरून आणि एकदा खालून जाते. येथे पट्टी दुहेरी, म्हणजे टोकाशी बंद असलेल्या फाशासारखी असल्यामुळे ती समोरच्या पट्टीच्या एकदा पोटातून जाते आणि एकदा तिला पोटात घेते. पहिल्या तांबड्या पट्टीने पहिल्या पांढरीला पोटात घेतले, दुसरीच्या पोटातून ती गेली, तिसरीला पुन्हा पोटात घेतले आणि चौथीच्या पोटातून निघाली, की दुसऱ्या तांबड्या पट्टीचा क्रम याच्या उलट लागतो. ज्या मुलाला चटईची सवय असते ते नकळत वरून-खालून जाते, त्याचे हृदय पुढून अगदी निर्दोष दिसते, सोळा चौकटी बुद्धिबळाच्या पटासारख्या आलटून-पालटून येतात. मात्र विणून झाल्यावर वरच्या गोलाईत अंगठे घालून ते उघडू पाहिले की ते उघडत नाही. नीट विणलेले हृदय पिशवीसारखे उघडते, त्याला कागदाची बोटभर रुंद मूठ चिकटवून ते झाडाला टांगता येते आणि त्यात बदाम, मनुका किंवा छोटी बिस्किटे घालून देता येतात. न उघडणारे हृदय हाती आले की मूल शिक्षिकेकडे न पाहता चौकटी मोजत मागे जाते आणि चुकलेली ओळ उसवते. मारिया मॉन्टेसरी यांच्या पद्धतीत साधनातच जे चूक-नियंत्रण अपेक्षिलेले असते, म्हणजे चूक दाखवण्याचे काम साधनानेच करावे ही जी योजना असते, ती या कागदात आपोआप आलेली आहे.

कागदाचे विणकाम बालशाळेत येण्याचा मार्ग जर्मनीतून जातो. फ्रीड्रिख फ्रोबेल (१७८२–१८५२) याने १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला किंडरगार्टन, म्हणजे बालोद्यान, हे नाव दिले. लोकरीचे चेंडू, लाकडी घन व ठोकळे या साधनांना तो ‘देणग्या’ म्हणे, आणि घड्या घालणे, टोचणे, कागदाच्या पट्ट्या विणणे या कामांना ‘उद्योग’. देणगी वापरून झाल्यावर पूर्वरूपात पेटीत परत जाते आणि उद्योगातून मात्र घरी नेता येईल अशी वस्तू उरते, हा त्यातील भेद भेटवस्तूच्या विचारात महत्त्वाचा ठरतो. विणलेल्या हृदयांपैकी सर्वांत जुने ज्ञात हृदय हॅन्स क्रिश्चन अँडरसन या परीकथाकाराने १८६० मध्ये केलेले असून ते ओडेन्स येथे जतन केलेले आहे. कागदकाम हा त्याचा आयुष्यभराचा छंद होता. विसाव्या शतकाच्या आरंभी डेन्मार्कच्या बालशाळांत मुलांच्या बोटांना वळण लागावे म्हणून ही वीण रुजली आणि तेथून ती घराघरांत नाताळची खूण होऊन बसली.

मिठाच्या कणकेचे काम याहून सोपे वाटते. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ आणि बेताबेताने घातलेले सुमारे वाटीभर पाणी यांचा पुरीच्या कणकेइतका घट्ट गोळा मळून तो पाव इंच जाडीचा लाटतात, त्यावर मुलाच्या हाताचा ठसा घेतात, वाटीने गोल कापतात, दोरीसाठी पेयाच्या नळीने भोक पाडतात आणि सुमारे १०० अंश सेल्सिअसच्या मंद भट्टीत दोन-तीन तास वाळवतात. आच वाढली तर आतील पाण्याची वाफ बाहेर पडण्यापूर्वीच पृष्ठभाग कडक होतो, चकती फुगते आणि ठसा विस्कटतो. भट्टी नसेल तेथे तीन-चार दिवस उन्हात, दिवसातून दोनदा पालथी करून ठेवली तरी ती वाळते, आणि कोकणातील डिसेंबरचे कोरडे ऊन त्याला पुरेसे असते.

कठीण भाग आहे तो ठशाचा. लहान मुलाचा तळहात सपाट नसतो. तो मध्ये खोलगट असतो आणि बोटे सैल सोडली की आत वळतात, त्यामुळे मुलाने आपण होऊन हात दाबला तर पाच बोटांची टोके आणि मनगटालगतचा उंचवटा तेवढा उमटतो, मधला हात उमटतच नाही. म्हणून शिक्षिका मुलाच्या हाताच्या पाठीवर आपला तळवा ठेवून मधोमध जोर देते, मग एकेक बोट, शेवटी अंगठा, असे दाबत जाते. बोटाला कुठे ओरखडा असेल तर मीठ झोंबते, तेव्हा ते आधी पाहून घेणे आवश्यक असते. ही मदत अपरिहार्य आहे आणि तिच्यात गैर काहीच नाही. गैर घडते ते त्यानंतर: करंगळी घसरल्यामुळे उमटलेला दुहेरी वळ ओल्या बोटाने पुसून टाकण्याचा, किंवा गोळा पुन्हा मळून ‘चांगला’ ठसा घेण्याचा मोह शिक्षिकेला होतो, आणि त्या क्षणी त्या विशिष्ट सकाळी त्या विशिष्ट मुलाने केलेली हालचाल चकतीतून नाहीशी होते. आईला ओळखू येतो तो घसरलेला हातच. मागील बाजूला काडीने कोरायचे नाव आणि साल मुलाने उलटसुलट अक्षरांत कोरले तरी तसेच राहू द्यावे.

तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालवाडी चालवताना महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, पाने यांवर जो भर दिला, त्याची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे, कारण मैदा, मीठ आणि कागद या तीनही वस्तू गावातील दुकानात मिळतात, आणि वसई किंवा गोव्यातील ज्या घरांत मुले दरवर्षी गव्हाणीचा देखावा आणि कागदी चांदणी करतात तेथे या कामाला हात सरावलेलेच असतात. साहित्य स्वस्त असण्याचा आणखी एक उपयोग असा की कोणाला एकच वस्तू देऊन थांबवावे लागत नाही. ज्याचे आईवडील दोन घरांत राहतात त्याला दोन चकत्या लागतात, जे आजीजवळ वाढते त्याला ‘आई-बाबांसाठी’ हे शब्द फळ्यावर आधीच लिहिलेले दिसू नयेत, आणि ज्याच्या घरी नाताळ होत नाही त्याची भेट नववर्षाची म्हणून तितक्याच आनंदाने घरी जावी. गोळा दीडपट मळून ठेवला आणि भेट कोणासाठी हे मुलालाच सांगू दिले, की यांतील कशासाठीही कोणाला वर्गासमोर उभे राहून खुलासा करावा लागत नाही.

कोकणपट्टीत या चकतीला एकच शत्रू असतो, तो पावसाळा. हवेची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावू शकेल त्या बाष्पाच्या मानाने प्रत्यक्षात असलेले बाष्प, सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतील पाणी ओढून घेऊन विरघळू लागते, आणि जून-जुलैत मुंबईपासून गोव्यापर्यंत हवा दिवसचे दिवस या मर्यादेच्या वर असते. त्यामुळे भिंतीवर टांगलेली चकती प्रथम घामेजते आणि मग मऊ पडते. यावर उपाय दोन आहेत: पूर्ण वाळल्यावर दोन्ही बाजूंना आणि भोकाच्या आतूनही वार्निशचे दोन हात देणे, आणि ६ जानेवारीला तीन राजांचा सण झाला, चांदणी उतरली, की चकती वर्तमानपत्रात गुंडाळून, मिठाच्या बरणीत टाकतात तसे मूठभर कोरडे तांदूळ घालून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणे. कागदी हृदय घडी मोडू न देता त्याच डब्यात वर ठेवता येते. पुढच्या डिसेंबरात डबा उघडल्यावर तांबडा रंग थोडा फिका झालेला आणि करंगळीची कड किंचित खचलेली आढळते, पण मागे कोरलेले साल वाचता येते, आणि हृदय अंगठ्याने उघडले की तळाशी गेल्या वर्षीच्या एखाद्या मनुकेचे देठ निघते.