दाढी, टोपी आणि एक घंटा

आज एका चित्रपटाविषयी बोलायचं आहे. नाव ‘विटनेस’, म्हणजे साक्षीदार. १९८५ साली आलेला, पीटर वीअर या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाचा हा अमेरिकेतला पहिला चित्रपट. वरवर पाहिलं तर पोलीस, खून आणि पाठलाग. पण या खुनाचा साक्षीदार आहे एक लहानगा आमिश मुलगा, आणि तिथून सगळी गोष्टच वेगळ्या वाटेला लागते.

आधी हे आमिश कोण ते सांगतो. स्वित्झर्लंडमधल्या एका ख्रिस्ती पंथात १६९३ च्या सुमारास फूट पडली. याकोब अम्मान नावाच्या कडव्या धर्मोपदेशकामागे जे गेले, ते आमिश. छळाला कंटाळून अठराव्या शतकात त्यांच्यातले बरेच जण अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानियात आले. आज उत्तर अमेरिकेत त्यांची संख्या ४ लाखांच्या आसपास आहे. जुन्या वळणाचे आमिश मोटार बाळगत नाहीत, घोड्याची बग्गी हाकतात. घरात विजेच्या तारा घेत नाहीत. लग्न झालं की पुरुष दाढी राखतो, मिशी मात्र नाही, कारण मिशी त्यांना शिपाईगिरीची खूण वाटते. घरात एक जर्मन बोली बोलतात आणि बाहेरच्या प्रत्येकाला ‘इंग्लिश’ म्हणतात. मग तो माणूस कुठल्याही मुलखाचा असो. हत्यार उचलायचं नाही, कुणी मारलं तरी उलट मारायचं नाही, हे त्यांचं मूळ व्रत.

आता गोष्ट. रेचेल लॅप ही तरुण विधवा आपल्या सॅम्युएल नावाच्या मुलाला घेऊन बहिणीकडे निघाली आहे. फिलाडेल्फियाच्या स्टेशनात गाडीला उशीर आहे. पोरगं इकडेतिकडे हिंडतं. काळा कोट, काळी टोपी, लांब दाढी असा एक म्हातारा त्याला दिसतो. आपलाच कुणी, म्हणून ते मोठ्या विश्वासानं जवळ जातं. तो निघतो ज्यू. दोघं क्षणभर एकमेकांकडे बघतात, संवाद एकही नाही. दाढी-टोपीवरून माणूस ओळखायची घाई जगभर चालते आणि तिचे चटके आमच्यासारख्यांना ठाऊक आहेत. पण इथं ती घाई करणारा आपलं माणूस शोधतोय. मला हा प्रसंग फार आवडतो. थोड्याच वेळात स्टेशनच्या शौचालयात याच मुलाच्या डोळ्यांदेखत एका माणसाचा गळा चिरला जातो.

तपास करणारा अधिकारी जॉन बुक, म्हणजे हॅरिसन फोर्ड. तो मुलाला पोलीस ठाण्यात आणतो, संशयितांचे फोटो दाखवतो. काही उपयोग होत नाही. बुक फोनवर बोलत असताना मुलगा उठून काचेच्या एका कपाटाशी जातो. आत मानचिन्हं आहेत आणि वर्तमानपत्राचं एक कात्रण : गौरवलेला अमली पदार्थविरोधी पोलीस अधिकारी. खुनी तोच. मुलगा बोट दाखवतो. बुक जवळ येतो आणि आपल्या हातानं ते बोट हळूच झाकतो. शब्दांवर पोट भरणारा मी माणूस, पण इथं एक शब्द टाकला असता तरी सगळं नासलं असतं.

वरिष्ठही सामील आहे, हे बुकला कळतं तोवर त्याला गोळी लागलेली असते. इस्पितळात गेलं तर नोंद होणार, नोंद झाली की मारेकरी मुलापर्यंत पोचणार. म्हणून आमिश मंडळी त्याला घरीच ठेवतात. तो त्यांचे कपडे चढवतो, पहाटे उठून गाई पिळतो, मोडलेलं पाखरांचं घरटं दुरुस्त करतो. नव्या जोडप्यासाठी सारा गाव मिळून एका दिवसात धान्याचं कोठार उभं करतो, त्यात हातोडा घेऊन चढतो. फोर्ड नट म्हणून नावारूपाला येण्याआधी खरोखरच सुतारकाम करत असे. त्याच्या हातात हातोडा उपरा वाटत नाही. जॉन सील यांच्या छायाचित्रणानं खिडकीतून येणारा उजेड जुन्या डच चित्रांतल्यासारखा दाखवला आहे.

चित्रपटाचा गाभा मात्र एका छोट्या संभाषणात आहे. सॅम्युएलच्या हाती बुकचं पिस्तूल लागतं. आजोबा एली त्याला समोर बसवतात. हे माणसं मारायचं हत्यार, आपण ते घ्यायचं नाही. तू मारशील कुणाला? मुलगा म्हणतो, वाईट माणसाला. वाईट कोण ते तुला दिसतं का? ते काय करतात ते दिसतं, मुलगा म्हणतो, मी पाहिलंय. या उत्तरापुढे आजोबांचा सगळा धर्म क्षणभर अडखळतो, असं मला वाटतं. म्हाताराही ते लपवत नाही, हे पटकथेचं मोठेपण. त्या वर्षी मिळालेल्या ८ नामांकनांपैकी २ ऑस्कर या चित्रपटाला मिळाले; एक मूळ पटकथेला, दुसरं संकलनाला.

शेवटी मारेकरी शेतावर येतात. बुक दोघांना मारतो : एक धान्याच्या राशीखाली गुदमरतो, दुसऱ्याला गोळी. तिसरा, तो वरिष्ठ, रेचेलवर बंदूक रोखून उभा राहतो. एलीच्या इशाऱ्यावर पोरगं धावत जाऊन घंटा वाजवतं. शेतांतून माणसं पळत येतात, रिकाम्या हातांनी, आणि नुसती उभी राहतात. बघतात. आता किती जणांना मारणार? बंदूक खाली येते. साक्षीदार एक होता, तिथं सारा गाव साक्षीदार होतो.

तरी एक गोष्ट मला टोचत राहते. पहिले दोघं घंटेनं थांबले नसते. त्या दोघांचं रक्त बुकच्या हाताला लागलं, म्हणून गाव आपल्या व्रतासह सुटलं. चित्रपट याचा हिशेब करत नाही. आणखी एक. आमिश लोक कॅमेऱ्यासमोर उभे राहत नाहीत. पडद्यावरचे बहुतेक आमिश खरे नाहीत. शहरात आलेल्या आमिशांना न्याहाळणारे, फोटो काढू पाहणारे पर्यटक चित्रपटात चेष्टेचा विषय होतात; पण तिकीट काढून आपण तरी दुसरं काय करत असतो?

पुढे २ ऑक्टोबर २००६ रोजी याच लँकेस्टर काउंटीत, निकेल माइन्स इथल्या एकखोली शाळेत एका बाहेरच्या माणसानं मुलींवर गोळ्या झाडल्या. ५ मुली गेल्या. त्यानं स्वतःलाही संपवलं. त्या वेळी बुक नव्हता, घंटाही नव्हती. आमिश शेजारी त्याच्या बायकोमुलांचं सांत्वन करायला गेले, त्याच्या दफनालाही हजर राहिले. ती शाळा पाडून टाकली गेली. ही बातमी ऐकल्यावर मी ‘विटनेस’ पुन्हा पाहिला. एलीचा चेहरा या वेळी निराळा दिसला.

चित्रपटात रेचेल आणि बुक एकमेकांचे होत नाहीत. निरोपाचे मोठे संवाद नाहीत, दोघं दारात नुसती उभी राहतात. बुक गाडीत बसायला निघतो, तेव्हा एली त्याला हाक मारून सांगतो : त्या इंग्लिश लोकांत सांभाळून राहा. घरच्यांना निरोप देताना म्हाताऱ्यानं स्टेशनवर हेच सांगितलं होतं.