झडपेचा सौम्य दोष : भीती नको, हेळसांडही नको

बुलढाणा जिल्ह्यात घाटावरील चिखली-मेहकरपासून घाटाखालील संग्रामपूर-जळगाव जामोदपर्यंत आरोग्य तपासणीची पथके शाळाशाळांतून जात असतात. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमानुसार शाळकरी मुलांची वर्षातून एकदा व अंगणवाडीतील बालकांची दोनदा तपासणी करावयाची असते. हृदयाचे जन्मजात दोष आणि संधिज्वरातून उद्‌भवणारा हृदयविकार हे दोन्ही या कार्यक्रमाच्या यादीत आहेत. अशा वेळी एखाद्या मुलाच्या छातीत वेगळा आवाज ऐकू आल्यास डॉक्टर इको तपासणी सुचवितात. त्यानंतर काही घरांत मुलाचे खेळणे व मुलीची शाळा बंद होते. काही घरांत चार दिवसांनी सारेच विसरले जाते. या दोन्ही चुका टाळता येण्याजोग्या आहेत.

दोष एक, कारणे दोन

हृदयात चार झडपा असतात. रक्त पुढे जाऊ द्यावयाचे व मागे फिरू द्यावयाचे नाही, हे त्यांचे कार्य. विहिरीवरील पंपाचा फूटव्हॉल्व्ह किंचित गळू लागला म्हणून पंप लगेच बंद पडत नाही. गळती वाढत गेली की मात्र पंपावर ताण येतो. झडपेचेही तसेच आहे. डाव्या बाजूच्या मिट्रल झडपेत हा दोष अधिक आढळतो.

त्याची दोन प्रमुख कारणे आहेत. काहींच्या झडपेचे पडदे मुळातच सैल असतात व मिटताना मागे फुगतात. या आवाजाचा झडपेच्या गळतीशी असलेला संबंध दक्षिण आफ्रिकेतील डॉ. जॉन बार्लो यांनी १९६३ साली दाखवून दिला. शंभर माणसांत सुमारे दोघा-तिघांना असे शैथिल्य असते आणि त्यांतील बहुतेकांचे आयुष्य इतरांसारखेच जाते.

दुसरे कारण संधिज्वर, म्हणजे ऱ्हुमॅटिक ताप. हा मुख्यत: ५ ते १५ वर्षांच्या मुलांना होतो. स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे घसा सुजतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येऊन गुडघे, घोटे, मनगटे आळीपाळीने दुखू लागतात. जंतूंशी लढणारी शरीराची शक्ती या वेळी स्वत:च्याच झडपांवर आघात करते. सांध्यांची सूज ओसरते, झडपेवरील व्रण मात्र राहू शकतो. घसा पुन:पुन्हा बिघडला, तर तो व्रण वाढत जातो.

वरकरणी सारख्या वाटणाऱ्या या दोन दोषांचे उपचार अगदी भिन्न आहेत. म्हणूनच इको तपासणी टाळू नये.

दर तीन-चार आठवड्यांचे इंजेक्शन

संधिज्वरातून झडपेस इजा झालेल्या मुलास बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन दर तीन ते चार आठवड्यांनी द्यावे लागते. ते किती वर्षे घ्यावयाचे हे डॉक्टर ठरवितात. बहुधा हा काळ दहा वर्षांहून कमी नसतो. मूल खेळते-बागडते आहे, मग सुई कशाला, असा प्रश्न पालक विचारतात. त्याचे उत्तर युगांडा देशातील एका अभ्यासाने दिले आहे. कोणतेही लक्षण नसलेल्या, परंतु इकोवर प्रारंभीचा दोष दिसलेल्या ८१८ मुलांचा हा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. मुलांचे दोन जवळजवळ समान गट केले होते. दोन वर्षांनंतर इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी केवळ ३ मुलांचा दोष वाढला होता, न घेणाऱ्यांपैकी ३३ मुलांचा. सौम्य दोष सौम्यच राहावा, यासाठी हे इंजेक्शन आहे. पेनिसिलिनची ॲलर्जी क्वचित होते. तरीही ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, तातडीची औषधे जवळ असलेल्या ठिकाणीच घ्यावे.

धडधडीचा अर्थ

हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा धडधडते आणि आपणास ते जाणवतही नाही. मध्येच एखादा ठोका वेळेआधी पडतो, मग क्षणभर विराम होतो व पुढचा ठोका जोराने जाणवतो. यालाच आपण "ठोका चुकला" म्हणतो. निरोगी माणसातही असे घडते. जागरण, चिंता, जास्त चहा, तंबाखू वा खर्रा यांनी धडधड वाढते. रक्तक्षय व थायरॉइडचे विकार हीदेखील तिची कारणे आहेत. कापूस वेचणीवरून आलेल्या बाईची धडधड झडपेची नसून रक्त कमी असल्याची असू शकते. म्हणून रक्ततपासणी व ईसीजी करून घ्यावा.

मात्र धडधडीबरोबर भोवळ येणे, शुद्ध हरपणे, छातीत दुखणे, उताणे झोपल्यावर दम लागणे, पायांवर सूज येणे, नाडी दीर्घकाळ अनियमित व वेगाने चालणे, किंवा तोंड वाकडे होऊन हातपाय लुळा पडणे यांपैकी काही घडल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

शाळा व ग्रामपंचायत

सौम्य दोष असलेल्या आणि लक्षणे नसलेल्या मुलास सहसा सर्वसाधारण खेळ वर्ज्य नसतात. शिक्षकांनी डॉक्टरांचे मत विचारूनच निर्णय घ्यावा. मुलास परस्पर मैदानाबाहेर बसवू नये. मुलीच्या बाबतीत लग्न जुळणार नाही या धास्तीने दोष लपविला जातो व औषधही सुटते. गरोदरपणात शरीरातील रक्ताचे प्रमाण सुमारे दीडपट होते आणि तोवर न जाणवलेला झडपेचा दोष तेव्हा प्रकट होतो. यासाठी पहिल्याच तपासणीत डॉक्टरांना त्याची कल्पना देणे आईच्या जिवाच्या दृष्टीने आवश्यक आहे.

कामासाठी हंगामात गाव सोडणाऱ्या कुटुंबांत इंजेक्शनची तारीख चुकण्याचा संभव अधिक. जाण्यापूर्वी मुलाचे कार्ड, इकोचा कागद आणि पुढील तारीख बरोबर दिली, तर दुसऱ्या गावच्या आरोग्य केंद्रातही उपचार पुढे चालू ठेवता येतो. आशाताई, मुख्याध्यापक व ग्रामपंचायत सदस्य यांनी गावातील अशा प्रत्येक मुलाची तारीख लक्षात ठेवावी. या कामास पैसा लागत नाही, फक्त नोंद लागते.