कुडे लेण्यांतील 'सेलरूपकम' : उठावशिल्प, कोरीव लेख आणि दैनंदिन जीवन

दैनंदिन जीवनाचे चित्रण करणाऱ्या उठावशिल्पांचा विषय निघाला की इजिप्तमधील सक्कारा येथील 'ती' या अधिकाऱ्याच्या थडग्याचे उदाहरण हटकून दिले जाते. इ. स. पू. २४०० च्या सुमारास मऊ चुनखडीच्या भिंतींवर कापणी, मळणी, नौकाबांधणी आणि पाठीवर वासरू घेऊन गुरांना पाण्यातून पलीकडे नेणारा गुराखी तेथे कोरला गेला. मृताला परलोकात काही उणे पडू नये, हा त्यामागील हेतू होता. साहजिकच 'ती' मोठ्या आकारात दिसतो, राबणारे लहान आणि बहुतांशी अनाम राहतात.

म्हसळ्याच्या शेजारील तळा तालुक्यात, खाडीकाठच्या टेकडीत कोरलेल्या कुडे येथील बौद्ध लेण्यांत असे काहीच आढळत नाही. सहाव्या लेण्यात अलंकृत स्त्री-पुरुषांची युगुले आहेत, हत्ती आहेत. बुद्धमूर्ती नंतरच्या काळातील आहेत. नांगर नाही, होडी नाही. याचे कारण कठीण बेसाल्ट खडकात शोधण्याचा मोह होतो. तथापि भाजे येथे त्याच प्रकारच्या खडकात रथ, वादक व नर्तकी कोरलेल्या असल्याने ते कारण पुरेसे ठरत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या मते कुडे येथील दैनंदिन जीवन शिल्पांत नसून ब्राह्मी लिपीतील प्राकृत दानलेखांत आहे. येथील दात्यांत माळी आहे, करहाकट म्हणजे कऱ्हाड येथील महिक हा लोखंडाचा व्यापारी आहे, सोमदेव नावाचा वैद्य आहे. सक्कारा येथे काम दिसते, करणारा हरवतो. कुडे येथे नाव व व्यवसाय कळतो, काम मात्र दिसत नाही.

सहाव्या लेण्यातील लेख या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. महाभोज मांदव खंदपालित याच्या सेवेतील लेखक शिवभूती याचा धाकटा भाऊ शिवम याने पत्नी विजया व पुत्रांसह दिलेल्या दानाला तेथे 'सेलरूपकम', म्हणजे शैलरूपकर्म, म्हटले आहे. शिल्पकाम हे स्वतंत्र दान मानले गेल्याचा हा स्पष्ट पुरावा होय. छिन्नी चालविणाऱ्याचे नाव मात्र या लेखातही नाही. स्तंभांचे दान शिवमच्या मुलींच्या नावे आहे: सर्पा, शिवपालिता, शिवदत्ता आणि सुलसदत्ता. यांतील शेवटची तीन नावे त्यांच्या भावांच्याच नावांची स्त्रीरूपे आहेत.