गिट नेमकं कुणाचं ऐकतं?

नव्या माणसाला कंपनीने जुना लॅपटॉप दिला. पहिल्याच दिवशी त्याने कोड लिहिला, कमिट केला आणि पुशही केला. संध्याकाळी टीम लीडचा प्रश्न आला, "अरे, सहा महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या मॅडम आज कमिट कशा करतायत?" लॅपटॉप नीट पुसलेला नव्हता. होम फोल्डरमधल्या एका छोट्या फाइलीत आधीच्या मालकिणीचं नाव तसंच पडून होतं आणि गिटने ते मुकाट्याने उचललं.

असं काही झालं की "गिट बिघडलंय" असं म्हणण्याची पद्धत आहे. खरं तर गिटची सेटिंग्ज म्हणजे साध्या मजकूर-फाइलींमधल्या ओळी. 'गिट कॉन्फिग' ही कमांड त्या ओळी लिहिते, वाचते आणि पुसते. कुठली ओळ कुठल्या फाइलीत आहे हे एकदा पाहायची सवय लागली की पुढचे बहुतेक गैरसमज आपोआप गळतात. (कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या.)

गैरसमज १ : युजर.नेम आणि युजर.ईमेल भरलं, म्हणजे गिटमध्ये लॉगिन झालं.

वस्तुस्थिती : पत्राखाली आपण नाव लिहितो, ते खरं की खोटं हे पोस्टमन तपासत नाही. या दोन सेटिंग्जचं तसंच आहे. तुम्ही जे लिहाल ते कमिटवर छापलं जातं. रेपोमध्ये पुश करण्याचा अधिकार आहे की नाही, हे एसएसएच की किंवा टोकन पाहून सर्व्हर ठरवतो. त्याचा या नावाशी संबंध नसतो.

याचं मूळ गिटच्या जन्मात आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्स कर्नलच्या कामासाठी गिट लिहिलं. तिथे पॅच ईमेलने येत आणि देखभाल करणारा माणूस दुसऱ्याने लिहिलेला पॅच आपल्या रेपोत घेत असे. म्हणून प्रत्येक कमिटमध्ये लिहिणारा आणि कमिट करणारा, अशा दोघांची नावं वेगवेगळी नोंदवली जातात. दुसऱ्याचं नाव लिहिता येणं ही तिथे रोजची गरज होती.

गिटहबसारख्या साइट कमिटवरचा ईमेल पाहून तो कुणाच्या खात्याला जोडायचा हे ठरवतात. त्यामुळे ईमेल चुकला की तुमचं काम तुमच्या प्रोफाइलवर दिसत नाही. 'हे मीच लिहिलं' याचा पुरावा हवा असेल तर कमिटवर डिजिटल सही करावी लागते. २०२१ मधल्या २.३४ आवृत्तीपासून त्यासाठी एसएसएच कीसुद्धा चालते.

गैरसमज २ : ईमेल दुरुस्त केला, आता जुने कमिटही दुरुस्त होतील.

वस्तुस्थिती : सेटिंग पुढच्या कमिटला लागू होतं, झालेल्या कमिटला नाही. कमिटचा ओळख क्रमांक त्यातल्या मजकुरावरूनच काढलेला असतो आणि त्या मजकुरात नाव, ईमेल आणि वेळही येते. ईमेलचं एक अक्षर बदललं तरी क्रमांक बदलतो, आणि त्यावर उभ्या असलेल्या पुढच्या सगळ्या कमिटांचे क्रमांकही बदलतात. इतरांनी ती ब्रँच घेतली असेल तर गोंधळ ठरलेला.

चूक शेवटच्याच कमिटमध्ये असेल आणि तो अजून पुश केला नसेल, तर 'गिट कमिट --अमेंड --रीसेट-ऑथर' पुरतं. इतिहास जुना असेल तर तो न उकरता रेपोच्या मुळाशी 'डॉट-मेलमॅप' नावाची फाइल ठेवावी. कुठला जुना ईमेल कुणाचा, हे तिच्यात लिहिता येतं. मग 'गिट लॉग', 'गिट ब्लेम' आणि 'गिट शॉर्टलॉग' दुरुस्त नाव दाखवतात आणि मूळ कमिट जसेच्या तसे राहतात.

गैरसमज ३ : 'सिस्टिम' सगळ्यात वरचं, म्हणजे त्याचंच चालणार. 'ग्लोबल' म्हणजे सगळ्यांसाठी.

वस्तुस्थिती : दोन्ही शब्द फसवे आहेत. 'सिस्टिम' म्हणजे या एका संगणकावरचे सगळे वापरकर्ते. लिनक्सवर ती फाइल बहुधा इटीसी फोल्डरमध्ये असते आणि ती बदलायला अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात. 'ग्लोबल' म्हणजे फक्त तुम्ही, पण तुमचे सगळे रेपो. ही फाइल होम फोल्डरमधली 'डॉट-गिटकॉन्फिग'. 'लोकल' म्हणजे एकच रेपो, त्याच्या 'डॉट-गिट' फोल्डरमधली 'कॉन्फिग' ही फाइल.

गिट या फाइली याच क्रमाने वाचतं : सिस्टिम, ग्लोबल, लोकल. एकच सेटिंग दोनदा आलं तर नंतर वाचलेलं खरं मानतं. फळ्यावर आधी लिहिलेलं पुसून कुणी नवं लिहिलं, तर वर्ग शेवटचंच वाचतो. म्हणून अ‍ॅडमिनने सिस्टिममध्ये घातलेलं सेटिंग साधा वापरकर्ता आपल्या रेपोपुरतं सहज उलटवू शकतो. याही नंतर येतं ते 'गिट -सी' लिहून एका कमांडपुरतं दिलेलं सेटिंग. ईमेलच्या बाबतीत तर 'गिट_ऑथर_ईमेल' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सगळ्या फाइलींवर मात करतो. "फाइलीत बरोबर आहे, तरी कमिटवर चुकीचं येतंय" अशी तक्रार असेल तर तिथे एकदा डोकवावं.

तर्क लढवत बसण्यापेक्षा गिटलाच विचारावं : 'गिट कॉन्फिग --लिस्ट --शो-ओरिजिन --शो-स्कोप'. प्रत्येक ओळीपुढे ती कुठल्या पातळीवरून आणि कुठल्या फाइलीतून आली ते छापून येतं.

गैरसमज ४ : कमांडने काही कुरकुर केली नाही, म्हणजे सेटिंग बरोबर बसलं.

वस्तुस्थिती : गिट अनोळखी नावाला हरकत घेत नाही. 'ईमेल'च्या स्पेलिंगमध्ये दोन अक्षरं उलटसुलट झाली तरी ती ओळ निमूटपणे फाइलीत जाते आणि आयुष्यभर कुणी ती वाचत नाही. यामागे कारण आहे. इतर साधनांनाही आपली सेटिंग्ज याच फाइलींत ठेवता यावीत, म्हणून नावांची बंदिस्त यादी ठेवलेली नाही.

अवतरणचिन्हांची गंमत याहून मोठी आहे. समजा, तुम्ही युजर.नेमपुढे अवतरणचिन्हांशिवाय 'मधुरा जोशी' असं लिहिलं. तुमच्या दृष्टीने ते एक नाव. टर्मिनलच्या दृष्टीने दोन वेगळे शब्द. गिट पहिला शब्द नाव म्हणून घेतं आणि दुसऱ्याचा अर्थ लावतं, 'ज्या जुन्या ओळीत जोशी असेल तीच बदल.' अशी ओळ नसली की खाली नवी ओळ जोडली जाते. कमिटवर नुसतं 'मधुरा' येतं. मग चूक लक्षात येऊन तुम्ही अवतरणचिन्हांसह पूर्ण नाव लिहिता. आधीचंही एक नाव फाइलीत असेल, तर आता गिट अडतं : या नावाच्या अनेक ओळी आहेत, त्या एकाच किमतीने बदलता येणार नाहीत. अशा वेळी '--रिप्लेस-ऑल' लावलं की सगळ्या ओळी जाऊन एकच उरते.

२०२४ मधल्या २.४६ आवृत्तीत 'गिट कॉन्फिग सेट', 'गेट', 'लिस्ट', 'अनसेट' अशा सुटसुटीत उपकमांड आल्या. 'सेट'ला जास्तीचा शब्द दिला तर ती सरळ चूक दाखवते. जुनी पद्धतही चालू आहे, त्यामुळे सवय मोडायची घाई नको.

गैरसमज ५ : रेपोत सेटिंग घातलं, आता क्लोन करणाऱ्या सगळ्यांना ते मिळेल.

वस्तुस्थिती : 'डॉट-गिट' फोल्डरमधली कॉन्फिग फाइल क्लोनबरोबर जात नाही आणि पुशबरोबरही जात नाही. हे मुद्दाम केलेलं आहे. गिटची काही सेटिंग्ज म्हणजे चक्क चालवायच्या कमांड असतात. कुठला एडिटर उघडायचा, कुठला पेजर वापरायचा, एसएसएच कसं चालवायचं, हे सगळं तिथे लिहिता येतं. ती फाइल क्लोनमधून आली असती, तर अनोळखी माणसाचा रेपो उतरवताच त्याच्या मर्जीतला प्रोग्रॅम तुमच्या संगणकावर चालला असता.

हाच धोका दुसऱ्या वाटेने उरला होता. अनेकांच्या वापरातल्या संगणकावर कुणी वरच्या फोल्डरमध्ये आपलं 'डॉट-गिट' ठेवून दिलं, तर तुमचं गिट तिथली सेटिंग्ज वाचायचं. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या २.३५.२ आवृत्तीने हे बंद केलं. तेव्हापासून फोल्डर दुसऱ्याच्या मालकीचा असेल तर गिट काम थांबवतं आणि 'सेफ.डिरेक्टरी'मध्ये त्याचा पत्ता घालायला सांगतं. कंटेनरमध्ये काम करणाऱ्यांना हा संदेश नेहमी भेटतो. कटकट म्हणून तिथे सरसकट 'स्टार' घालणं म्हणजे चोर येतो म्हणून बसवलेलं कुलूप उघडं टाकणं. नेमका फोल्डर लिहावा. हे सेटिंग खुद्द त्या रेपोच्या फाइलीत लिहिलं तर गिट ते मानत नाही, कारण संशयिताची साक्ष संशयितासाठी चालत नाही.

पूर्ण टीमला एकच नियम हवा असेल, उदाहरणार्थ ओळीच्या शेवटी विंडोजची खूण हवी की लिनक्सची, तर तो 'डॉट-गिटअ‍ॅट्रिब्यूट्स' फाइलीत लिहावा. ती कोडबरोबर कमिट होते, म्हणून सगळ्यांकडे पोचते. प्रत्येकाला 'कोअर.ऑटोसीआरएलएफ' अमुक ठेवा म्हणून सांगत फिरण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

गैरसमज ६ : नोकरीचं आणि घरचं काम एकाच संगणकावर असेल, तर दर वेळी ईमेल बदलावाच लागतो.

वस्तुस्थिती : २०१७ मधल्या २.१३ आवृत्तीपासून 'इन्क्लूडइफ' आहे. ग्लोबल फाइलीत लिहायचं, की रेपो 'ऑफिस' फोल्डरखाली असेल तर अमुक फाइलही वाच. त्या फाइलीत ऑफिसचा ईमेल ठेवायचा. एकदा बसवलं की विसरून जायचं.

दोन ठिकाणी मात्र पाय घसरतो. ही दुसरी फाइल नेमकी त्या ओळीच्या जागी वाचली जाते. तिच्याखाली पुन्हा घरचा ईमेल लिहिलेला असेल तर शेवटचं खरं या नियमाने तोच लागू होतो. म्हणून 'इन्क्लूडइफ' फाइलीच्या तळाशी ठेवावं. दुसरं असं, की अट रेपोच्या जागेवर तपासली जाते. 'ऑफिस' फोल्डरमध्ये नुसतं उभं राहून ईमेल विचारला तर घरचाच दिसतो. एखाद्या रेपोच्या आत जाऊन विचारावं.

गैरसमज ७ : मराठी नावाच्या फाइली गिट बिघडवतं.

वस्तुस्थिती : फाइलीचं नाव 'म'ने सुरू होत असेल, तर 'गिट स्टेटस'मध्ये ते \३४०\२४४\२५६ असं दिसू लागतं आणि माणूस घाबरून नाव रोमनमध्ये बदलतो. फाइलीला काहीच झालेलं नसतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं आणि गिट ते बाइट अष्टमान आकड्यांत छापतं, इतकंच. रेपोत नाव शाबूत असतं. 'गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स' असं एकदा लिहिलं की पडद्यावरही मराठी दिसू लागतं. युजर.नेमसुद्धा देवनागरीत ठेवता येतं.

गैरसमज ८ : 'क्रेडेन्शियल.हेल्पर' लावला, पासवर्ड सुरक्षित झाला.

वस्तुस्थिती : कुठला हेल्पर, त्यावर ते ठरतं. 'स्टोअर' हा पासवर्ड किंवा टोकन होम फोल्डरमधल्या फाइलीत उघड्या अक्षरांत लिहितो. 'कॅश' फक्त मेमरीत ठेवतो, आपण वेगळं सांगितलं नाही तर १५ मिनिटं. विंडोज, मॅक किंवा लिनक्सच्या स्वतःच्या तिजोरीशी जोडणारा हेल्पर सर्वांत बरा.

'शेवटचं खरं' हा नियम इथे लागू होत नाही, हे ध्यानात ठेवावं. हेल्परांची यादी तयार होते आणि ते एकापाठोपाठ एक विचारले जातात. खाली नवा हेल्पर लिहिला तरी वरचा 'स्टोअर' टोकन लिहीत राहू शकतो. जुनी ओळ काढावी, किंवा नव्याच्या आधी रिकामी किंमत द्यावी. तिने तोवरची यादी पुसली जाते.

गैरसमज ९ : काहीच कळेनासं झालं तर गिट काढून पुन्हा टाकावं.

वस्तुस्थिती : गिट काढलं तरी होम फोल्डरमधली 'डॉट-गिटकॉन्फिग' आणि प्रत्येक रेपोतली फाइल जागेवरच राहते. नवं गिट येऊन त्याच ओळी वाचतं आणि तीच चूक करतं. घर रंगवलं म्हणून दारावरची पाटी बदलत नाही.

सुरुवातीच्या त्या लॅपटॉपवरही हेच झालं असतं. नव्या माणसाने कोड लिहिण्याआधी रेपोत उभं राहून 'गिट कॉन्फिग --शो-ओरिजिन --गेट-ऑल युजर.ईमेल' एवढंच विचारलं असतं, तर समोर एकच ओळ आली असती : डावीकडे होम फोल्डरमधल्या फाइलीचा पत्ता, उजवीकडे मॅडमचा ईमेल. ती बदलायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. आता संध्याकाळी त्याला टीम लीडशेजारी बसून पुश झालेला कमिट निस्तरावा लागला.