रास लफानचा गॅस आणि माटुंग्याची विद्या

दोह्यातल्या कुठल्याही मराठी घरगुती जमावात जरा कान द्या. 'शटडाऊन' आणि 'यूडीसीटी' हे दोन शब्द हमखास कानावर पडतील. पहिल्यापायी आरतीला निम्मे पुरुष गैरहजर असतात आणि दुसरा निघाला की हजर असलेले तासभर जागचे हलत नाहीत!

यूडीसीटी म्हणजे मुंबई विद्यापीठाचा १९३३ साली सुरू झालेला रासायनिक तंत्रज्ञान विभाग. २००८ पासून तो आयसीटी नावाचं अभिमत विद्यापीठ झाला, पण जुन्या मंडळींच्या तोंडी जुनंच नाव. डॉ. रघुनाथ माशेलकर तिथलेच विद्यार्थी.

या विद्येला कतारमध्ये एवढा मान का? नॉर्थ फील्डचा गॅस १९७१ साली सापडला, पण तो समुद्राखालून आला तसा जहाजात भरता येत नाही. आधी त्यातला विषारी हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन डायऑक्साइड वेगळा काढायचा, मग पाणी. थेंबभर राहिलं तरी पुढे बर्फ होऊन नळ्या तुंबतात. त्यानंतर उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला की त्याचा द्रव होतो आणि सहाशे घरांत मावणारा गॅस एका घरात मावतो. पहिलं जहाज डिसेंबर १९९६ मध्ये जपानकडे निघालं. २००४ साली ते आपल्या शेजारच्या गुजरातेत, दहेजलाही पोचलं. 'बाबा प्लँटवर काय करतात?' असं मुलांनी विचारलं, तर एवढं सांगायला हरकत नाही.

आता मुलांचीच गोष्ट. २००३ साली टेक्सास ए अँड एम विद्यापीठाची शाखा एज्युकेशन सिटीत आली आणि घरी राहून अमेरिकन पदवीचं केमिकल इंजिनीअरिंग शिकायची सोय झाली. बारावीच्या मुलीला एकटीला परदेशी धाडायला कचरणाऱ्या आयांना केवढा दिलासा! फेब्रुवारी २०२४ मध्ये मात्र त्या विद्यापीठाच्या नियामक मंडळाने ही शाखा २०२८ पर्यंत बंद करायचं ठरवलं. धाकट्या भावंडांसाठी बांधलेला हिशेब त्यामुळे कोलमडला.

म्हणून सगळी दारं बंद झाली असं नाही. कतार विद्यापीठात केमिकल इंजिनीअरिंगचा विभाग आहे. भारतातल्या बऱ्याच तंत्रसंस्थांत आखाती देशांतल्या भारतीय कामगारांच्या मुलांसाठी वेगळ्या जागा असतात. त्यांचे नियम आणि फी दरवर्षी नीट वाचून घ्यावी, ओळखीच्या कुणाच्या ऐकीव माहितीवर जाऊ नये. आणि हो, कतारमध्ये परत येऊन इंजिनीअर म्हणून काम करायचं तर पदवीचं अटेस्टेशन लागतं, ते तिकडून निघण्याआधीच उरकावं.

बाबा केमिकलवाले म्हणून मुलगाही केमिकलवाला, हे काही मला पटत नाही. पण ज्याला खरंच गोडी आहे त्याला घरातल्याच नव्हे, दुसऱ्या एखाद्या काकांशी बोलू द्यावं. बापापेक्षा काका शटडाऊनच्या रात्रपाळीबद्दल जास्त खरं सांगतात.